मंगळवारची गोळी

कुमुद भोइटेंनी दुपारी एकला जेवून गोळी घेतली, की पुढचे चार तास त्यांना काहीही सांगावं. ऐकायला यायचं, कळायचं, उत्तर तर असं फटकन यायचं की समोरच्यानं तोंड मिटावं. फक्त ते टिकायचं नाही. दिवेलागणीपर्यंत विटायला लागायचं आणि एक झोप झाली की पाटी कोरी.

साताऱ्यात या तासांना 'कोरे तास' म्हणत आणि गोळीला 'थांबगोळी'. कंपनीनं तिला भारदस्त नाव ठेवलं होतं, पण ते औषधाच्या दुकानदारालाही एका दमात म्हणता येत नसे. हृदयाच्या भिंती जाड होण्याच्या दुखण्यावर ती निघाली आणि बघता बघता घरोघरी पोचली. औषध गुणाचं होतं, यात वाद नाही. पण चांगल्या औषधाचं माणसं काय करतील हे शोधणाऱ्याच्या डोक्यात कधी येत नाही. लोक कोऱ्या तासांत म्हाताऱ्यांना मनातलं सगळं सुनावून मोकळे व्हायला लागले. 'गोळीत सांगितलं' असा वाक्प्रचारच पडला. म्हणजे सांगितलं तर खरं, पण अंगाला लावून घेतलं नाही. निबंधक कचेरीत सही घेण्याआधी विचारू लागले, "आजोबा, गोळी कधी घेतलीत?" एका पठ्ठ्यानं कोऱ्या तासांत वडिलांकडून लग्नाला होकार मिळवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वडिलांच्या हातचा मार खाल्ला. गाव हसलं आणि पुन्हा आपापल्या म्हाताऱ्यांना गोळीत बोलायला लागलं.

केतकीचा दिवस मंगळवार.

केतकी म्हणजे कुमुदबाईंची सून. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासणीला होती. दिवसभर पडद्यासमोर बसायचं आणि कुठल्या सेलला फुगवटा आलाय ते शोधायचं. संध्याकाळी घरी आली की भिंतीवरचं कॅलेंडरही तिला फुगल्यासारखं दिसे. कारखान्याची सुट्टी मंगळवारी. त्या दिवशी दळण, भाजी, आठवड्याची सगळी उस्तवार उरकून ती तीनच्या सुमाराला घरी येई, सासूच्या पलंगापाशी जमिनीवर बसे आणि बोले. विषय एकच असे. विशू.

विशू म्हणजे विश्वजित, केतकीचा नवरा. सहा वर्षांपूर्वी यवतेश्वरच्या घाटात सकाळी पळता पळता तो पडला आणि उठला नाही. वय एकतीस, अंगात ताप नाही, कसलं व्यसन नाही. पायांत नारिंगी बूट होते. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला केतकीनंच ते दिले होते. त्या दिवसापासून कुमुदबाईंच्या लेखी मुलाच्या मरणाचं कारण ठरलं ते ठरलं. "हिनं बुटं आणली, आन् माझं पोरगं पळायला लागलं." हे वाक्य शेजारच्या ओतारीकाकूंनी ऐकलं होतं, दूधवाल्यानं ऐकलं होतं, पाण्याची टाकी धुवायला आलेल्या माणसानं तर टाकीत उभ्यानं ऐकलं होतं.

केतकी ऐकून घेई. माहेरचे म्हणत, ये निघून, तुझं वय काय असं. ती जात नव्हती. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. विशूसारखंच बोलता बोलता मान तिरकी करून बघायची सासूची सवय होती, हे एक कारण. बाकी, फार दमलेल्या माणसाला घर बदलायचंही त्राण नसतं.

दोन वर्षांपूर्वी कुमुदबाईंनाच जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टर रुबिना तांबोळींनी हृदयाचं चित्र काढलं, रक्त तपासायला पाठवलं आणि निदान झाल्यावर दोघींना समोर बसवलं.

"काकू, तुमचे मिस्टर काय करायचे?"

"कंडक्टर व्हते. सातारा डेपो."

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. गाडी स्टँडवरनं हलली, गेटपाशी येऊन थांबली. ड्रायव्हर बसलाय, इंजिन चालू आहे. पुढं कधी निघायची?"

"डबल बेल दिल्यावर. एक बेल थांबायची, दोन निघायची. ह्यात काय समजवायचं?" कुमुदबाईंनी मान तिरकी करून विचारलं. "आता त्या विजेच्या गाड्यांना घंटाच न्हाई म्हना."

डॉक्टरीणबाईंनी मग जे सांगितलं ते असं. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा मजकूर वाचून त्याची नक्कल काढणारं एक यंत्र असतं. नकलेवरून प्रथिनं बनतात आणि प्रथिनांवर पेशीचा सगळा संसार चालतो. या नक्कल काढण्याला प्रतिलेखन म्हणतात. गंमत अशी, की पुष्कळशा जनुकांवर हे यंत्र वाचायला सुरुवात करतं, पन्नासेक अक्षरं पुढं जातं आणि थबकतं. तिथून हलायला त्याला परवानगी लागते. ती देणारं विकर काइनेज जातीचं. दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा ठिपका चिकटवायचा, एवढंच त्याचं काम. नाव सीडीके-नऊ. त्यानं ठिपके चिकटवले की यंत्र पुढं सुटतं. हाच तो डबल बेल देणारा कंडक्टर.

हृदयावर कायमचा ताण असला की हा कंडक्टर बेल देत सुटतो. स्नायूंच्या पेशींत नकला वाढतात, प्रथिनं वाढतात, पेशी जाडजूड होतात, भिंत जाड होते आणि आत रक्ताला जागा उरत नाही. काही कर्करोगांतही याच महाशयांचा हात असतो. थांबगोळी त्यांचा हात रोज चार तास धरून ठेवते. त्याहून जास्त धरला तर बाकीच्या शरीराचं काम अडेल.

"आणि विसरायचं काय म्हणतात लोक?" केतकीनं विचारलं.

"ते खरं आहे. नवी आठवण पक्की करायची तर मेंदूतल्या पेशींनाही त्या त्या वेळी ताज्या नकला काढाव्या लागतात. बेल मिळाली नाही, की ती गाडी स्टँडातच राहते. जुन्या आठवणी कधीच्या मुक्कामाला पोचल्यात, त्यांना काही होत नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पोटभर जेवणानंतरच घ्यायची. रिकाम्या पोटी नाही. आणि दोन एकदम कधीच नाही. दोन घेतल्या की गोळीच्या आधीचे पाच-सहा तासही पुसले जातात. लोक तेवढ्यासाठी देतात, मला ठाऊक आहे. पण हृदयाची लय बिघडते. माझ्याकडे असे दोघे आलेत, त्यातला एकच घरी गेला."

कुमुदबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आपला निकाल दिला. "माझं पोरगं गेलं ते काळजाला लागलं, डॉक्टरीणबाई. त्यानं हे असं झालं." आणि तिरक्या मानेनं सुनेकडे बघून म्हणाल्या, "दोघांचंबी एकीच्याच पायी."

डॉक्टरांनी केतकीला नंतर दाराबाहेर गाठलं. दुःखानं भिंत अशी जाड होत नाही, त्या म्हणाल्या. मूळ चूक स्नायूच्या एका जनुकात आहे, जन्मापासूनची. त्या चुकीनं ताण येतो आणि त्या ताणानं कंडक्टर बेभान होतो. विश्वजितच्या शवविच्छेदनात भिंत जाडच निघाली होती. तेव्हा कोणी अर्थ लावला नाही. रुग्णालयात जपलेला त्याचा नमुना आता तपासला, तर तीच चूक.

"आईकडून मुलाला गेलं. बूट नसते आणले, तरी कुठल्याशा जिन्यावर हेच झालं असतं. सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवा. घरचं माणूस तुम्ही." आणि त्या पुढच्या रुग्णाकडे गेल्या.

केतकीनं ठरवलं, सांगायचं नाही. आपण निर्दोष आहोत हे सांगायला म्हातारीच्या पदरात तिच्याच मुलाचं मरण टाकायचं, हे तिला जमेना. पण एका मंगळवारी, कोऱ्या तासांत, कुमुदबाई ओतारीकाकूंना बुटांची गोष्ट सांगत होत्या आणि केतकी दळणाचा डबा घेऊन दारातून आत येत होती. काकू गेल्या. केतकीनं डबा खाली ठेवला आणि एका श्वासात सगळं बोलून टाकलं.

कुमुदबाई बराच वेळ पदराच्या काठाच्या चुण्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे माझ्याकडनं गेलं." आणि थोड्या वेळानं, "चुकलं माझं, पोरी. लई बोलले तुला."

त्या उठल्या, आलं किसलं आणि सुनेसाठी चहा केला. संध्याकाळभर घरात कोणी कोणाला टोचलं नाही. झोपताना कुमुदबाईंनी तिच्या अंगावर चादर टाकली. केतकी भिंतीकडे तोंड करून रडली. खूप दिवसांनी तिला बरं वाटलं.

बुधवारी सकाळी ती डबा भरत होती आणि पडवीतून आवाज आला, "हिनं बुटं आणली, आन्..."

तेव्हा थांबायला हवं होतं. पण एकदा सावलीत बसलेलं माणूस पुन्हा सावली शोधतंच. पुढच्या मंगळवारी तिनं परत सांगितलं. परत पदराच्या चुण्या, परत 'माझ्याकडनं गेलं', परत 'चुकलं माझं', परत आल्याचा चहा. मग तो परिपाठच झाला. सहा दिवस ऐकायचं आणि सातव्या दिवशी माफी घ्यायची. सुरुवातीला सांगता सांगता तिला रडू फुटायचं. पुढं पुढं ती हे सगळं किराणा सांगावा तसं सांगायला लागली. समोरची बाई मात्र दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असे. ते तिच्या तोंडावर दिसे. केतकी त्या वेळी खिडकीकडे बघायची.

आपण करतोय ते बरं नाही हे तिला कळत होतं. पण चहा आठवड्यातून एकदाच आयता मिळत होता.

त्या मंगळवारी तर तिला काही सांगायचंही नव्हतं. आदल्या दिवशी जास्तीची पाळी झाली होती आणि डोळे चुरचुरत होते. खिंडीकडच्या रस्त्यावर ही गर्दी. रिक्षावाला म्हणाला, "ताई, गणपतीकडं आज रांग बघा कुठवर आलीया!" तिला वाटलं, कोणी पुढारी आला असेल. भाजीवालीकडे केळी संपली होती. रताळी संपली होती. हिला त्याचंही काही वाटलं नाही. भोपळा घेतला आणि घरी आली.

कुमुदबाई पलंगावर बसून टीव्ही बघत होत्या. "आलीस? ओतारीण येऊन गेली. तिच्या नातवानं पळायची शर्यत जिंकली म्हणं. मी म्हणलं, बाई, बुटं काढून घे त्याची. आमच्यात एकीनं आणून दिली व्हती..."

"आत्या." सासूला आत्या म्हणायची तिकडची जुनी रीत केतकीनं लग्नानंतर उचलली होती. ती जमिनीवर बसली. "आत्या, बुटांनी काही झालं नाही." आणि सवयीनं पुढचं सगळं आपोआप आलं. जनुक, भिंत, डबल बेल, जपलेला नमुना.

पदराच्या चुण्या झाल्या. "म्हंजे माझ्याकडनं गेलं," कुमुदबाई म्हणाल्या. पुढचं वाक्य यायला मात्र नेहमीपेक्षा वेळ लागला. "चुकलं माझं, पोरी." चहा झाला. केतकी तो प्याली आणि तिथंच जमिनीवर उशी घेऊन झोपली.

जाग आली तेव्हा अंधारून आलं होतं. तिनं कुकर लावला, भोपळा चिरायला घेतला आणि आतूनच विचारलं, "आत्या, भाकरी टाकू का तुम्हाला आत्ताच?"

"माझी नको टाकू एवढ्यात. चंद्र उगवल्याबिगर न्हाई." कुमुदबाई देवापाशी दूर्वा निवडत होत्या. "मोदकाचं बघ जमलं तर. न्हाईतर गूळखोबरं ठिवू."

केतकीच्या हातातली सुरी थांबली. "आज काय आहे?"

"अंगारकी न्हाई का! एरवीच्या संकष्ट्या डॉक्टरीणबाईंनी सोडवल्या. पर अंगारकी कशी सोडायची? तुझ्या कारखान्यात कॅलेंडर न्हाई व्हय?"

मंगळवारची संकष्टी. वर्षातून दोन-तीनदाच यायची. जी माणसं महिन्याच्या चतुर्थीला पोहे खातात, तीही त्या दिवशी उपास धरतात. रिक्षावाला, रांग, रताळी, सगळं एकदम केतकीच्या डोक्यात जुळलं.

"आणि गोळी?"

"जेवल्यावर घ्यायची ना? मग जेवल्यावर घीन. रिकाम्या पोटी नगं, असं त्यांनीच सांगितलंय."

केतकी ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणजे दुपारी ऐकलं ते कोऱ्या तासांत ऐकलं नव्हतं. कंडक्टर ड्यूटीवर होता. ती सगळी वाक्यं म्हातारीच्या डोक्यात आता पक्की बसत असणार आणि चंद्र यायला नऊ तरी वाजणार. उद्या सकाळी, परवा सकाळी, मरेपर्यंत रोज सकाळी या बाईला माहीत असणार, की आपला मुलगा आपल्याच रक्तानं गेला.

दोन गोळ्या दिल्या तर अजून वेळ होती.

खरं सांगायचं तर तिला त्या द्यायच्या नव्हत्या. एवढी वर्षं हवं होतं ते आज चुकून हातात पडलं होतं. उद्याचा बुधवार वेगळा उजाडला असता. पण ते असं, म्हातारीच्या नकळत, चोरासारखं? आणि उद्या तिनं विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलंस, तर काय सांगायचं? सासूला वाचवायचंय की स्वतःला, हे तिला त्या घटकेला कळेना. दोन गोळ्यांनी म्हातारीचं काय होऊ शकतं, ते मात्र तिला नीट ठाऊक होतं. तरीही तिनं वाटीभर भात दूध घालून कालवला, औषधाच्या डब्यातून पट्टी काढली आणि अंगठ्यानं एक गोळी तळहातावर पाडली. मग दुसरी पाडली.

"आत्या, थोडं खाऊन घ्या. देव काही रागवत नाही. गोळी चुकायला नको."

कुमुदबाईंनी वाटीकडे बघितलं नाही. मान तिरकी करून त्यांनी सुनेच्या हाताकडे बघितलं.

"दोन?"

केतकीनं मूठ मिटली.

"दोन कशाला देत्यात ते म्हाईत हाय मला. ओतारणीच्या जावंनं आपल्या सासऱ्याला दिल्या व्हत्या." त्यांनी दूर्वांची जुडी खाली ठेवली. आवाज चढला नव्हता. "दुपारचं पुसायला निघालीस?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"मला एक सांग. हे तू मला आज पहिल्यांदाच सांगितलंस का?"

कुकरची शिट्टी झाली. केतकीला खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलायलाही थोडी उमेद लागते.

"नाही. आधीपण सांगितलंय. मंगळवारी. गोळीत."

"किती येळा?"

"दर मंगळवारी. चार-पाच महिने झाले असतील."

"आन् मी काय म्हणायची?"

"चुकलं म्हणायचात. चहा करायचात."

"आन् बुधवारी?"

केतकीनं मूठ आणखी आवळली. तिच्या हातातल्या गोळ्या घामानं चिकट झाल्या होत्या.

"बुधवारी परत बुटं," कुमुदबाईच म्हणाल्या. आणि मग त्या भडकल्या. "अगं, मी आई हाय त्याची! एकच पोरगं दिलं व्हतं देवानं. ते कशानं गेलं, हे माझं हाय. ते तू माझ्यापासनं दडवून ठिवलंस. दर आठवड्याला काढायचं, मला दाखवायचं, रडवायचं, आन् परत बांधून ठिवायचं. माझं पोरगं दर मंगळवारी नव्यानं मेलं, आन् बुधवारी मला त्याचं सुतकबी न्हाई!"

"तुम्ही मोडून पडाल असं वाटलं मला."

"पडले का एकाबी मंगळवारी?"

"नाही."

"मग?"

केतकीच्या मुठीतून गोळ्या गळून पडल्या. ती भिंतीला पाठ घासत खाली बसली आणि रडायला लागली. आवाज करून, तोंड न झाकता. कुमुदबाईंनी तिला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. त्यांचं स्वतःचंच काही तरी चाललं होतं. पलंगाखाली हात घालून त्यांनी एक खोकं ओढलं आणि उघडलं. आत नारिंगी बूट होते. ते मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या.

"बेंबीपाशी हात धरून चालायचा ल्हानपणी," बुटांच्या नाड्या सोडवत त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, पोट दुखतंय का रं? म्हणायचा, न्हाई, दम लागतोय. मी म्हणायची, नाटकं करतोय. माझ्या आईचंबी तसंच व्हतं. आम्हाला वाटायचं, आमच्या घरात दमच कमी."

चंद्र दिसला तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. कुमुदबाईंनी गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि दोघींची ताटं स्वतः वाढली. भाजी अळणी झाली होती, दोघींनी तशीच खाल्ली. जेवण झाल्यावर केतकीनं पट्टीतली एक गोळी काढून वाटीत ठेवली.

"आज नगं," कुमुदबाई म्हणाल्या. "आजचं पक्कं व्हऊ दे."

सकाळी केतकीला उठवेना. तिनं पडल्या पडल्याच कान लावला. पडवीत ओतारीकाकू प्रसादाचा मोदक घेऊन आल्या होत्या आणि नातवाच्या शर्यतीचं कौतुक पुन्हा पहिल्यापासून चाललं होतं.

"पर तुझं ऐकलं मी, कुमुद," काकू म्हणत होत्या. "बुटं काढूनच घेतली बघ त्याची. तुझ्या सुनंनं केलं तसं नगं व्हायला."

केतकी अंथरुणात उठून बसली. म्हातारीच्या डोक्यात कालचं काही राहिलं असेल की नसेल? एक दिवस गोळी चुकली म्हणून आठवण टिकतेच, असं कोणी लिहून दिलं होतं?

"दे त्याला परत," कुमुदबाईंचा आवाज आला. "पळू दे. आधी त्याचं काळीज दाखवून आण डॉक्टरीणबाईंना, आन् मग पळू दे. विशूला ते माझ्याकडनं गेलतं. हिचा काय संबंध?"

"अगं, पर तूच म्हणायचीस..."

"म्हणायची. खोटं म्हणायची." एवढं बोलून त्यांनी विषय मोदकावर नेला. सारण कोरडं झालंय, असा शेरा मारला, आणि काकू थोड्या फुगूनच गेल्या.

केतकीनं तोंड धुतलं. डॉक्टर तांबोळींना फोन करून झाला. त्या म्हणाल्या, कालची चुकली तर हरकत नाही, आज सकाळी पोटभर खाऊन घ्या आणि उद्यापासून नेहमीच्या वेळेला. कुमुदबाईंनी दूधभाकरी खाल्ली. केतकीनं समोर पाण्याचं भांडं आणि बशीत गोळी ठेवली. एकच. मग ती चपला शोधायला लागली. कंपनीची गाडी यायची वेळ झाली होती.

"हिकडं ये," कुमुदबाई म्हणाल्या. गोळी त्यांच्या चिमटीत होती. डोळे सुजलेले होते, रात्रभर त्या झोपल्या नसाव्यात. "आता ह्या घरात गोळीत काही सांगायचं न्हाई. काय सांगायचं असंल ते आधी सांगायचं. मला राग यीना का, रडू यीना का. कळलं?"

"हो."

"मग सांग. काही ऱ्हायलंय का सांगायचं?"

केतकी दारात उभी होती, एक चप्पल पायात, एक हातात. सांगण्यासारखं काय होतं? विशूचं सगळं सांगून झालं होतं. बुटांचं मिटलं होतं. बाहेर कंपनीच्या गाडीचा भोंगा वाजला. ती 'काही नाही' म्हणायला तोंड उघडणार होती.

"दमलेय हो मी, आत्या," ती म्हणाली. "फार दमलेय."

कुमुदबाईंनी तिच्याकडे मान तिरकी करून बघितलं. भोंगा पुन्हा वाजला. त्यांनी गोळी बशीत परत ठेवली, बशी बाजूला सारली आणि पलंगावर स्वतःशेजारी हात आपटला.

"जाऊ दे ती गाडी," त्या म्हणाल्या. "बस हितं. पहिल्यापासनं सांग."